बिनतक्रार रोपाचं बारसं

समस्त वनस्पतिसृष्टीने सावधान होऊन ऐकावे: आमच्या शेजारच्या नानांनी दिवाणखान्यात ठेवायच्या शोभेच्या झाडाची नवी जात जन्माला घातली आहे!

नऊ वर्षं नाना बारीक कुंचल्याने एका झाडाचे पराग दुसऱ्याला लावत बसले होते. रविवारी त्यांनी रोपाचं चक्क बारसं केलं. कुंडी पाळण्यात, आम्ही शेजारी सतरंजीवर, घुगऱ्या वहिनींच्या हातच्या. गुलाबी शिरांचं ते पान मीही कौतुकाने कुरवाळलं.

"याला ऊन लागत नाही," नाना सांगत होते. "पाणी घालायचं विसरलात तरी चालतं. कोपऱ्यात ठेवा, महिनाभर ढुंकून बघू नका, टवटवीतच राहतं!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता मनात आलं, आपल्याला घरात हिरवळ हवी असते, तिची तहान तेवढी नको असते.

वहिनी रिकाम्या वाट्या गोळा करत होत्या. नऊ वर्षांत त्या माहेरी राहायला गेल्या नव्हत्या; मागे रोपांकडे कोण बघणार?

"आता एखादं छानसं नाव सुचवा," नाना म्हणाले.

वाट्या खाली ठेवत वहिनी म्हणाल्या, "सुचवायचं काय त्यात? माझंच ठेवा की!"