काकूंना बघायला आलेला निखिल

उन्हाळ्यात फ्रिजमध्ये अर्धी कापलेली लिंबं साठतात ना, तसे आमच्या ग्रुपमध्ये किस्से साठतात. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी संपवेल. या वर्षीच्या मे महिन्यातले तर सगळे एकाच गोष्टीभोवतीचे आहेत. त्या दहा दिवसांत काळजीने माझं वजन दोन किलो उतरलं. परत चढलं, ते सोडा.

चंदीगडमध्ये आमच्या सेक्टरात मराठी घरं मोजून चार. आमचं, मोहालीत आयटीत असलेल्या नागपूरच्या शिल्पाचं, मिलिटरीतून रिटायर झालेल्या देशमुखसाहेबांचं आणि सुमनकाकूंचं. काकू चौऱ्याहत्तरच्या. काका गेल्यापासून चार वर्षं एकट्या राहतात. म्हणून आमची एक पद्धत आहे. काकूंनी सकाळी सातच्या आत ग्रुपवर 'उठले' असं टाकायचं. सव्वासातपर्यंत आलं नाही, तर ज्याची पाळी असेल त्याने जाऊन बघायचं.

त्या दिवशी पाळी माझी होती.

* * *

सव्वासात झाले, 'उठले' नाही. फोन बंद. मी गाऊनवर ओढणी टाकली, किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि धावले. बेल वाजवली, दार ठोठावलं. किल्ली लागेना, कारण जुडगा आमच्या माळ्यावरच्या ट्रंकांचा होता. मग ग्रुपवर लिहिलं, 'काकू दार उघडत नाहीयेत', आणि मागच्या फाटकावर चढले.

शेजारचे भल्लाजी कुंड्यांना पाणी घालत होते. म्हणाले, "भाभीजी, आंटी दूध लेने गई हैं. अंदर जाना है तो चाबी गमले के नीचे है. पूरी गली को पता है."

तेवढ्यात काकू आल्या. पिशवी खाली ठेवली, मान वर केली. "वंदना, उतर. अगं, मी गेलेच असते तर तू एवढी घाई करून काय करणार होतीस?"

फोनची बॅटरी उतरली होती, एवढंच. सगळे जमले, हसले, चहा झाला. फक्त काकूंचा मुलगा निखिल हसला नाही. तो असतो कॅनडात, आणि तोही आमच्या ग्रुपवर आहे हे मी साफ विसरले होते. माझा मेसेज त्याने वाचला. पुढचा अर्धा तास कुणीच काही लिहिलं नाही, कारण आम्ही सगळे काकूंकडे चहा पीत होतो.

आठवड्याभरात त्याने तिकीट काढलं. "आई, दहा दिवस येतोय. पुण्याला ज्येष्ठांच्या सोसायटीत तुझं नाव घातलंय, परत जाण्याआधी त्यांना हो की नाही कळवायचंय. तू इथे नीट राहतेस असं दिसलं तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं."

काकूंना जायचं नव्हतं. म्हणजे त्यांचं तीस वर्षांचं घर माझ्या एका मेसेजमुळे टांगणीला लागलं होतं.

* * *

शिल्पाने लगेच एक्सेल शीट केली. "काकूंकडे कोणी ना कोणी सतत येऊन राहिलंय, असं दिसलं पाहिजे त्याला. पण सहज. ठरवल्यासारखं नाही."

दर दोन तासांनी एकेकाने सहज जायचं ठरलं. पण पहिल्या दिवशी कुणालाच दम निघाला नाही. अकराच्या ठोक्याला मी, शिल्पा, देशमुखसाहेब आणि त्यांची बायको, चौघंही एकदम दारात. प्रत्येकाच्या हातात पन्ह्याची बाटली.

शिल्पा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "तुम्ही काऊन आल्या आत्ता? तुमचं तर पाचला होतं."

निखिल शहाणा मुलगा. त्याने चारही बाटल्यांतलं पन्हं प्यायलं. चौथ्या ग्लासानंतर जरा थांबून म्हणाला, "छान आहे हो. तुम्ही रोजच येता असे?"

आम्ही माना डोलावणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "छे रे. कुणाला वेळ आहे?"

* * *

आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी आंधी येते. धूळ, वारा, लाइट गायब. आणि ती थांबली की अख्खा सेक्टर पिशव्या घेऊन बाहेर पडतो, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्याची झाडं आहेत आणि खाली कैऱ्यांचा सडा. वर्षभराचं लोणचं, मेथांबा, सगळं त्याच्यावर. यासारखं सुख नाही.

चौथ्या दिवशी आंधी आली. निखिलला घरात आई सापडेना. ती सापडली चौकातल्या आंब्याखाली, साडी खोचून, हातात उशीचा अभ्रा, अर्धा भरलेला. समोर एक माणूस काठी घेऊन उभा.

"माताजी, ये आम ठेके का है."

काकू म्हणाल्या, "तो ठेकेदार को बोलो खुद आके उठाए. मैं पेड़ पे थोड़ी चढ़ी हूँ."

निखिलचा चेहरा उतरला. "आई, तू झाडावर चढत नाहीस ना?"

"आता नाही रे. गेल्या वर्षी जरा…"

शेजारीच कैऱ्या वेचणाऱ्या देशमुखसाहेबांना इतका मोठा खोकला आला की काठीवाल्याने त्यांना पाणी आणून दिलं.

* * *

सातव्या दिवशी मी आणि माझी मुलगी सई पार्कात बसून आंबटगोड, वाटाण्याएवढे फालसे खात होतो. बहावा पिवळाधमक फुललेला, हवा जरा निवलेली. निखिल येऊन शेजारी बसला. म्हणाला, "वंदनाताई, खरं सांगा. आईने इथे एकटं राहणं बरोबर आहे का? तिला तुमच्या भरवशावर ठेवू?"

मला 'हो' म्हणायचं होतं. पण फाटकावर चढलेली मी मलाच दिसली. उद्या खरंच काही झालं तर? मी आणखी एक फालसा तोंडात टाकला.

सईला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी. ती म्हणाली, "भैया, आप उल्टा पूछ रहे हो. मम्मी तो दही भी आंटी से पूछ के जमाती हैं."

त्या रात्री मी काकूंना न विचारता दही लावलं. लागलं नाही.

* * *

नवव्या दिवशी भर दुपारी निखिल मनीमाजऱ्याच्या बाजारात गेला, बाथरूममध्ये धरायला दांडा आणायला.

काकूंच्या व्हरांड्यात बसलेली शिल्पा हळूच म्हणाली, "दांडा लावून राहिला म्हणजे राहू देणार."

देशमुखसाहेब म्हणाले, "किंवा घर विकण्याआधी डागडुजी चाललीय."

निखिलकडे टोपी नाही, पाणी नाही, वरून ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दीड वाजता रिक्षातून उतरला, दांडा भिंतीला टेकवला, आणि फाटकापाशीच मटकन खाली बसला. अंग तापलेलं, बोलणं अडखळत.

मी नेहमीप्रमाणे नुसती "अगंबाई, अगंबाई" करत होते. काकूंचा आवाज मात्र चढला नाही. "वंदना, पाय धर. देशमुख, खांद्यापाशी या. भल्लाजी, कूलर इधर घुमाओ. शिल्पा, डॉक्टरांना फोन लाव, कोपऱ्यावरच्या." पाच मिनिटांत तो कूलरसमोर पडला होता आणि काकू ओल्या टॉवेलने त्याचं अंग पुसत होत्या.

डॉक्टर आले, तपासलं, सलाईन लावलं. लू लागली होती, म्हणजे उष्माघात, पण वेळेत सापडला म्हणाले. मग विचारलं, "रात को इनके पास कौन रहेगा?"

"मैं," आम्ही पाच जण एकदम म्हणालो.

डॉक्टर निखिलकडे वळले. "और वहाँ कनाडा में? कौन है साथ?"

"कोई नहीं जी. अकेला रहता हूँ."

डॉक्टर गेल्यावर निखिल डोळे मिटूनच म्हणाला, "आई, पुण्याच्या लोकांना मी नाही म्हणून कळवतो."

शिल्पाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

काकूंनी टॉवेल पिळला, झटकला, परत त्याच्या कपाळावर ठेवला.

"पुण्याचं राहू दे रे," त्या म्हणाल्या. "तुझं काय करायचं, ते आधी बघू."