मुदत : मार्चअखेर

आमच्या घरात दूध उतू गेलं तरी त्याची चौकशी होते. मी चाकणच्या एका कंपनीत गेली एकोणीस वर्षं क्वालिटी विभागात आहे. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे छोटे भाग आमच्याकडे बनतात आणि ते नीट बनलेत की नाही हे बघणं माझं काम. भाग चुकला की आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. भाग का चुकला, तर मशिन हललं म्हणून. मशिन का हललं, तर बोल्ट सैल होता म्हणून. असं करत पाचव्या 'का'ला खरं कारण हाती लागतं अशी आमच्या विभागाची श्रद्धा आहे, आणि ती मी घरी आणली. दूध का उतू गेलं? लक्ष नव्हतं म्हणून. लक्ष का नव्हतं? तिसऱ्या 'का'पर्यंत जायच्या आधीच बायको म्हणते, तुम्ही प्रश्न विचारत होता म्हणून, आणि चौकशी बंद पडते.

संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत चपलांच्या जागेला पिवळी पट्टी मारलेली आहे. मसाल्याच्या डब्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत, हळदीच्या डब्यावरही आहे, जणू हळद ओळखायला चिठ्ठी लागते. घरातला कुठलाही कागद तीस सेकंदांत सापडला पाहिजे असा माझा नियम. पाहुण्यांसमोर मी बायकोला घड्याळ लावून लाइटबिल शोधायला लावलं आहे. त्या पाहुण्यांनी पुन्हा आमच्याकडे पाऊल टाकलं नाही, पण बिल बावीस सेकंदांत सापडलं होतं.

मुलगी एकच, तेव्हा नववीत होती. अभ्यासात बरी, चित्रकलेत फार चांगली, बोलायला माझ्यासारखी तिखट. एके दिवशी तिच्या डायरीत शेरा आला की पालकांनी मुख्याध्यापिकांना भेटावे. मी विचारलं तर तिने खांदे उडवले. मार्क कमी पडले असतील किंवा दप्तरात मोबाइल सापडला असेल असं धरून मी अर्धा दिवस रजा टाकली आणि मोशीपासून भोसरीपर्यंत ट्रकांच्या मागून धूर खात शाळेत पोचलो.

शाळेच्या व्हरांड्यात 'आपण सारे समान' असा मोठा तक्ता लावलेला होता. तो माझ्या मुलीने काढलेला, त्याला बक्षीसही मिळालं होतं. मी तो कौतुकाने बघितला, उजवी कड दोन मिलिमीटर खाली आहे हे मनात टिपलं आणि आत गेलो.

मुख्याध्यापिका बाई सभ्य होत्या. त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, आमची शाळा सगळ्यांना सामावून घेते, काळ बदललाय याची आम्हाला जाण आहे. एवढी प्रस्तावना झाल्यावर मुद्दा आला. माझ्या मुलीने तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं होतं की तुम्हाला जशी मुलं आवडतात तशा मला मुली आवडतात. मैत्रिणीने घरी सांगितलं, तिच्या आईने शाळेत येऊन तक्रार केली. म्हणून बाईंनी माझ्या मुलीला तूर्त वर्गात शिक्षकांच्या टेबलाजवळच्या एकेरी बाकावर बसवलं होतं. सगळ्यांच्याच सोयीसाठी, असं त्या म्हणाल्या. आणि एक हमीपत्र टाइप करून ठेवलं होतं. माझ्या पाल्याच्या वर्तनात सुधारणा करण्याची मी हमी देतो, एवढाच मजकूर होता. खाली सहीची जागा.

इथे बापाने काय करायला हवं होतं याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या घडीला मी काय केलं ते सांगतो. मी तो कागद चुका शोधण्यासाठी वाचला. एकोणीस वर्षांची सवय. आणि म्हणालो, "मॅडम, यात मुदत नाही."

बाईंना कळेना. मी त्यांना समजावून सांगितलं की मुदत आणि जबाबदार माणूस लिहिल्याशिवाय कुठलीही सुधारणा होत नसते. मग खिशातलं पेन काढून मोकळ्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिलं : मुदत : मार्चअखेर. जबाबदार व्यक्ती : वडील. कंपनीत आमची सगळी उद्दिष्टं मार्चअखेर पूर्ण व्हायची असतात, त्यामुळे दुसरी मुदत मला सुचलीच नाही. सही केली, झेरॉक्स मागून घेतली. इतके जागरूक पालक हल्ली बघायला मिळत नाहीत, असं बाई म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, गाडी काढेपर्यंत मला बरं वाटत होतं.

नंतर कासारवाडीचा सिग्नल सुटला तरी मी गाडी हलवली नाही. मी घाबरलो होतो. सोसायटीत कळलं तर, कंपनीच्या बसमध्ये कुणी बोललं तर, गावाकडे लातूरला भावाच्या कानावर गेलं तर. मुलीला त्या बाकावर कसं वाटत असेल हा विचार या यादीत नव्हता. आता लिहितानाही लाज वाटते.

घरी आल्यावर झेरॉक्सला भोकं पाडून ती 'शाळा' अशी चिठ्ठी लावलेल्या फायलीत लावली. मुलीशी बोललो नाही. बायकोला मात्र स्वयंपाकघरात नळ सोडून हळू आवाजात सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मधल्या सुट्टीत ती डबा कुणाबरोबर खाते?" मला माहीत नव्हतं. शाळेने विषय हाताळलाय, असं काहीतरी मी म्हणालो. तिने नळ बंद केला आणि कणीक मळायला घेतली.

गुरुवारी मुलीचं पोट दुखलं, ती शाळेत गेली नाही. शुक्रवारीही दुखलं. शनिवारी सकाळी तिला चित्रकला परीक्षेच्या फॉर्मसाठी आधारची झेरॉक्स हवी होती. मी आंघोळीला गेलो होतो, म्हणून तिने स्वतःच 'शाळा'ची फाईल काढली. आमच्याकडे कागद तीस सेकंदांत सापडतो. तिला वीससुद्धा लागले नसतील.

मी पोहे खायला बसलो तेव्हा तिने ते हमीपत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं. कडा जुळवून, मी शिकवलं होतं तसं. ती रडत नव्हती.

"पप्पा, मार्चअखेरपर्यंत मी काय व्हायचंय?"

मी म्हणालो की ती नुसती फॉर्मॅलिटी आहे, शाळेला कागद लागतात. तिने अक्षर कुणाचं आहे ते विचारलं. मग ती म्हणाली, "दूध सांडलं की पाच वेळा का विचारता. मला एकटीला बसवलं तेव्हा एकदा तरी विचारलंत?"

एवढं बोलून तिने सांगितलं की ती सोमवारपासून शाळेत जाणार नाही. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरेल आणि दहावीला बाहेरून बसेल. तो फॉर्म कुठे मिळतो, काय काय लागतं, ही सगळी माहिती तिने काढून ठेवली होती. माझीच पोर, तयारी पक्की. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. ती म्हणाली, "अहो, ती काहीतरी विचारतेय. उत्तर द्या." पोहे गार झाले.

दुपारी मी कागद घेऊन बसलो. दुसरं काही येत नाही मला. मुलगी शाळेत का जात नाही? एकटी बसवली म्हणून. एकटी का बसवली? एका आईने तक्रार केली म्हणून. नुसत्या तक्रारीवर का बसवली? कुणी अडवलं नाही म्हणून. का अडवलं नाही? अडवणारा माणूस कागदावर मुदत लिहीत होता म्हणून. तो तसं का करत होता? घाबरला होता म्हणून. नवीन पोरांना मी नेहमी शिकवतो की मूळ कारणाच्या रकान्यात कधी माणसाचं नाव लिहायचं नाही, पद्धतीतला दोष शोधायचा. त्या दिवशी मी खूप शोधला. पद्धत ठीक होती, माणूसच वाईट निघाला.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. संशय आलेला भाग आम्ही लाल पेटीत टाकतो, पण कुठलं माप चुकलं ते लिहिल्याशिवाय नाही. माप न लिहिता पेटीत भाग टाकला म्हणून मी एका ऑपरेटरला सगळ्यांदेखत झापलं होतं. आणि पोटच्या पोरीला कुठलं माप लावलं हे मला विचारावंसं वाटलं नाही.

मुलींना मुली आवडतात म्हणजे काय, हे मला त्या दिवशी सगळं समजलं असं नाही. अजूनही काही गोष्टी मी तिला चाचरत विचारतो आणि ती डोळे फिरवते. पण न समजलेल्या गोष्टीवर रिजेक्टचा शिक्का मारायचा नसतो, एवढं माझ्या धंद्याने मला शिकवलेलं होतं.

सोमवारी पुन्हा रजा टाकून शाळेत गेलो. मुलगी आली नाही, घरीच बसली. ऑफिसातले क्लार्क जवळच्याच जुन्या गावातले, भला माणूस. मी ते हमीपत्र मागितलं तर त्यांनी मान हलवली. "साहेब, कागद फायलीला लागलाय. आता न्हाई निघायचा."

काढू नका, मी म्हणालो, मला त्यावर फक्त रेघ मारायची आहे. आमच्या कंपनीत चुकलेला कागद फाडत नाहीत, त्यावर पांढरी शाईही लावत नाहीत. त्यावर एक आडवी रेघ मारायची, आधी काय लिहिलं होतं ते वाचता येईल अशी. शेजारी 'रद्द' लिहायचं, कारण लिहायचं, सही करायची. क्लार्कनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "आसं बी आसतंय व्हय," म्हणाले आणि फाईल घेऊन मला बाईंच्या खोलीत घेऊन गेले.

बाईंनी पुन्हा चहा मागवला. मी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "मॅडम, तिला एकटं का बसवलं?"

तक्रार आली म्हणून, त्या म्हणाल्या. नुसत्या तक्रारीवर का बसवलं? वर्गाचं वातावरण बिघडू नये म्हणून. वातावरण का बिघडेल, तिने कुणाला त्रास दिला होता का? नाही, तसं काहीच केलं नव्हतं. मग का? बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या चौथ्या 'का'ला मोठमोठे सप्लायर घाम पुसतात, पण तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला नाही. पाचव्यांदा विचारावं लागलं नाही. बाई स्वतःच म्हणाल्या की त्या आईचा त्यांनी धसका घेतला होता. ती आणखी दहा जणींना घेऊन आली असती.

मी म्हणालो, मीही घाबरलो होतो. आम्ही दोघं घाबरलेली मोठी माणसं त्या दिवशी चहा पीत होतो आणि चौदा वर्षांची मुलगी एकटी बसली होती.

बाईंनी चूक झाली असं कबूल केलं नाही. दर सोमवारी सगळा वर्ग एकेक बाक पुढे सरकेल, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाशेजारी बसता येईल, असा एक प्रयोग करून बघू म्हणाल्या. एकेरी बाक स्टोअररूममध्ये जाईल. त्या आईला काय सांगायचं ते मी बघते, असंही म्हणाल्या. प्रयोग तर प्रयोग, मी म्हटलं. मैत्रीण नंतर बरेच महिने माझ्या मुलीशी बोलली नाही, त्यावर कुणाकडेच प्रयोग नव्हता.

मग क्लार्कनी पट्टी दिली आणि मी रेघ मारली. 'रद्द' लिहिलं. कारणाशी पेन थोडं थांबलं. आमच्याकडे चांगला भाग चुकून रिजेक्ट झाला तर त्याच्या रिपोर्टवर एक ठरलेलं वाक्य लिहितात. मी आजवर ते शेकडो वेळा दुसऱ्यांकडून लिहून घेतलं आहे, स्वतः कधी लिहिलं नव्हतं. ते लिहिलं : पाल्यात दोष नाही. तपासणाऱ्याची चूक. खाली सही केली. क्लार्कनी न मागता झेरॉक्स काढून दिली.

घरी मुलगी खिडकीत चित्र काढत बसली होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला. चुकलो मी, एवढंच म्हणालो. तिने कागद सगळा वाचला, मग पुन्हा वाचला.

"तारीख टाकली नाहीत," ती म्हणाली.

बिनतारखेचे कागद मी एकोणीस वर्षं लोकांच्या अंगावर परत फेकले आहेत. मी पेन शोधायला लागलो, पण तिने स्वतःच्या पेनने, माझ्या सहीखाली, तिच्या अक्षरात तारीख टाकली. मग रेघेवर बोट ठेवून विचारलं, "नुसती रेघ का मारली? खोडून का नाही टाकलं?"

मी तिला पद्धत सांगितली. चूक काय होती ते नंतरच्या माणसाला दिसलं पाहिजे म्हणून.

तिने त्या रेघेखालच्या माझ्या सुवाच्य अक्षरावरून बोट फिरवलं. "बरं झालं," ती म्हणाली. "राहू दे दिसत." मग तो कागद फायलीत न लावता तिने आपल्या चित्रांच्या वहीत ठेवला आणि आईला विचारलं, उद्याचा युनिफॉर्म धुतलेला आहे का.