पगाराबरोबर वाढलेली भीती

गॅसपुढे उभं राहायचं, बोट रोखायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "योशी." म्हणजे ठीक आहे. मग दिवा, नळ, कुलूप. प्रत्येकाला बोट, प्रत्येकाला योशी. जपानी कारखान्यात अशी सवयच लावतात. हे असं करणारे म्हणजे इथले, जपानात हिगाशी-कसाईतले आमचे शेजारी. म्हातारे, एकटे राहणारे.

कंपनीनं त्यांना कधीकाळी दिल्लीकडच्या कारखान्यात शिकवायला धाडलं होतं, म्हणून मोडकी हिंदी यायची. माझा जन्म पिंपरीत कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसवर गेला. बायको गेल्यावर मुलानं इथं आणून ठेवलं. मुलगा-सून कामाला गेले की आम्ही दोघं म्हातारेच.

एकदा मी त्यांना डिवचलं, की तुमची मजा होती, दर वर्षी पगार वाढायचा. आम्ही संप करून गेटवर बसायचो तेव्हा कुठे चार पैसे सुटायचे.

ते हसले नाहीत. "पगार बढा, डर बढा," म्हणाले.

लढाईनंतरच्या त्या वर्षांत माल भराभर निघायला लागला. पगार वाढले, घरोघरी कपडे धुवायचं यंत्र आलं. पण पगार वाढला की कारखान्यातला माल सरकवणारा पट्टाही जोरात पळायचा. माणूस तोच, हात तेच. शेजारच्या गड्याचा हात मशीनखाली गेला, तेव्हापासून ते बोट दाखवल्याशिवाय हलत नसत. अजून झोपेत पट्टा पुढे पळतो म्हणाले.

एका दुपारी त्यांच्याकडे चहा घेऊन आम्ही फिरायला निघालो. त्यांनी जुन्या शेगडीकडे बोट रोखलं. "योशी."

शेगडी पेटलेली होती. वर किटली कोरडी. मीच धावत जाऊन बंद केली.

ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बेटी को मत बोलना."

"बोलूंगा," मी म्हणालो. "पूरा बिल्डिंग जलेगा."

"वो मुझे ले जाएगी."

एवढं घाबरलेलं माणूस मी बायकोच्या शेवटच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं.

मी मुलाकरवी तिला कळवलंच. लेक त्सुकुबाहून गाडी घेऊन आली, तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवायला. जाताना ते माझ्यापुढे कमरेत वाकले.

आता दुपारभर मी एकटा. अशा माणसाशेजारी तुम्ही राहिला असाल, तर भिंतीपलीकडे कुणी नसलं की कसं वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. परवा दूध तापत ठेवलं आणि खिडकीत जाऊन बसलो. जळका वास आला तेव्हा उठलो.

संध्याकाळी सूनबाईनं विचारलं, "बाबा, हे पातेलं एवढं काळं कसं झालं?"

"जुनंच आहे ते," मी म्हणालो, आणि घासायला घेतलं.