तात्यांच्या नावावर गेलेला रामराम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तात्या चौकशीत कधी आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच मला त्यांची भीती वाटे.

तात्या आमच्या पलटणीतले सुभेदार, पळसदेवचे. मी शेळगावचा, त्यांच्या हाताखाली जबान्या उतरवायचो. सरहद्दीजवळच्या डोंगरात एका फरार म्होरक्याला आम्ही हुडकत होतो. अडवलेल्या माणसापुढं तात्या ताट ठेवत, त्यातला पहिला घास स्वतः खात आणि गप्प बसत. ती शांतता समोरच्याला सोसायची नाही.

उजनीच्या पाण्यावर वाढलेला माणूस. मला म्हणायचे, "मासा कुठं हाय ते इचारायचं न्हाय रं. पाणी कुठं हालतंय ते इचारायचं."

रानात एकट्या गाठलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला त्यांनी म्होरक्याचं नावही विचारलं नाही. आम्ही तिघं एका ताटात जेवलो, आणि ते दुपारभर मेंढरांच्या खुरांबद्दल बोलले. मग सहज विचारलं, परक्या माणसावर इथली कुत्री कुठं भुंकत नाहीत?

म्हातारा हातातल्या भाकरीकडं बघत राहिला. "पाणचक्कीपाशी," म्हणाला. म्होरक्या तिथं इतका येत होता, की कुत्र्यांना तो घरचा झाला होता. तात्यांनी म्हाताऱ्याचा हात धरून शब्द दिला, तू आम्हाला भेटलास हे कुणाला कळणार नाही.

छापा शुक्रवारी ठरला. गुरुवारी तात्यांबरोबर बाजारातून चाललो होतो, तर म्हातारा समोरून आला. ज्याच्यासंगं एका ताटात जेवलो, त्याला टाळून पुढं जायची आमच्याकडं रीत नाही. वर्दीत होतो, तरी हात आपोआप वर गेला. "रामराम, पाव्हणं." त्यानं मान खाली घातली. टपरीवरची दोन माणसं बोलायची थांबली.

शुक्रवारी पाणचक्की रिकामी होती. दारात म्हातारा मरून पडला होता.

म्हाताऱ्याची ओळख कुणी फोडली, असं साहेबांनी विचारलं. माझ्याआधी तात्या उठले. "माझ्याकडनं झालं." बाहेर आल्यावर मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "गप. तुझी नोकरी कवळी हाय. माझी पिकलीय." मी गप्प बसलो. ते पेन्शनीवर घरी आले.

बऱ्याच वर्षांनी इंदापूरच्या स्टँडवर दिसले. मी रामराम घातला, तर त्यांनी आधी वळून मागं बघितलं. मग हसले. "सवय लागलीय रं. गावात मला रामराम कोण घालतंय?"

गेल्या साली तात्या वारले. सुभेदारानं स्वतःचाच माणूस मारवला, असं पळसदेवला अजून बोलतात. त्यांची लेक तिथंच राहते, ते ऐकते.

तो रामराम माझा होता. हे तिच्यापुढं उभं राहून सांगायचं देणं माझ्याकडं अजून बाकी आहे.