काठ तीस पावलांवर राहिला

जुन्नरच्या तालिबभाईंनी आयुष्यात त्रेसष्ट विहिरी खोदल्या आणि त्यातल्या बासष्टांना पाणी लागलं. दुसरा कुणी एवढ्यावर मिशीला पीळ देत फिरला असता. तालिबभाईंना मिशी नव्हती, नुसती दाढी होती, आणि डोक्यात कायम ती एक कोरडी विहीर होती. लोणीतली, धर्माजींची. तिच्यापायी त्यांनी तीस वर्षं लोणीची वाट टाकली. पलीकडच्या गावात लग्न असलं तरी वळसा घालून जायचे आणि विचारलं तर रस्ता खराब आहे म्हणायचे. तो डांबरी झाल्यावरही तेच म्हणत राहिले.

विहिरीची खोली ते परसात मोजत. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. पहारीचा ठोका पडला की कातळाला कान लावायचे आणि पाणी आहे की नाही ते सांगायचे. त्यांनी आहे म्हटलं की घरची बाई हंडे घासायला घ्यायची. नाही म्हटलं की मालक यारी, म्हणजे विहिरीतली दगडमाती वर ओढायचं यंत्र, हलवायला सांगायचा. तालिबभाईंच्या शब्दानंतर आणखी कुणाला विचारायची त्या भागात पद्धतच नव्हती.

धर्माजींच्या विहिरीत नवव्या परसाला ते नाही म्हणाले होते.

यंदा आळेफाट्याच्या एका गॅरेजात लोणीचा एक ड्रायव्हर भेटला. धर्माजी जाऊन पाच वर्षं झाली, आता त्यांच्या मुलाने, अमृतने, मशीन लावून विहीर खोल केली, असं सांगत होता.

"हातभर गेलं नाय तर पाणी उसळलं, राव!"

"हातभर?" तालिबभाईंनी विचारलं.

"हातभरबी नाय."

तालिबभाई घरी आले. त्या दिवसापासून जेवण निम्मं टाकायचे, नमाज मात्र लांबवायचे. घरच्यांनी ओळखलं की म्हाताऱ्याला काहीतरी लागलंय, पण विचारायची छाती कुणाची?

चौथ्या दिवशी दुपारी त्यांची नात रूही लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. तिला कॉलेजात चंद्रावरच्या विवरांवर बोलायचं होतं, आणि ऐकायला घरात रिकामं माणूस एकच होतं.

"दादा, हा खड्डा बघा. ‘कोन’ नाव आहे याचं. चंद्राच्या मानानं बारकासाच."

"केवढा?"

"साडेतीनशे मीटरच्या आसपास रुंद. पंच्याहत्तर मीटर खोल."

तालिबभाईंनी मनात परस लावले. चाळीसच्या घरात गेले. बारकासा म्हणे! ते सावरून बसले.

रूही सांगू लागली. एकोणीसशे एकाहत्तर साली दोन माणसं त्या खड्ड्यापासून किलोमीटरभर अंतरावर उतरली. खड्ड्याच्या काठावर जाऊन आत डोकवायचं, हे मोठं काम. दुचाकी हातगाडी ओढत चढ चढले. गाडी रुतायची, मग उचलून न्यायची. काळजाचे ठोके मिनिटाला दीडशेवर गेले. सगळीकडे सारखेच उंचवटे, काठ कुठे ते दिसेना. आणि वेळ संपत आला.

"मंग?"

"मग फिरले मागं. काठ न बघताच." तिने दुसरा फोटो उघडला. "हा किती तरी वर्षांनी वरून फिरणाऱ्या यानानं काढलाय. ही बारीक काळी रेघ दिसते? त्यांच्या पावलांची आहे."

तालिबभाईंनी चष्मा पुसला. राखाडी जमिनीवर केसासारखी रेघ. चढत गेलेली, वळलेली, माघारी आलेली.

"अजून हाय?"

"वारा नाही, पाऊस नाही. पुसणार कोण?"

"या अल्ला," ते म्हणाले. अंगावर सरसरून काटा आला. माणूस तिथवर जातो काय, त्याचं पाऊल तसंच राहतं काय, आणि इथे जुन्नरात ओसरीवर बसून ते आपल्याला दिसतं काय! त्यांनी रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "आन काठ किती राहिला व्हता?"

"जेमतेम वीस-तीस मीटर. तीसेक पावलं. तेव्हा त्यांना कळलंच नाही."

"घरी येऊन काय सांगितलं त्यांनी? खड्डाच नाय म्हणले?"

रूही हसली. "असं कसं म्हणतील? काठ सापडला नाही म्हणाले. जे झालं ते सांगितलं."

तालिबभाई हसले नाहीत. मग उठून टोपी घातली.

नारायणगाव, मंचर करत एसटीने ते लोणीत पोचले तेव्हा उन्हं कलली होती. धर्माजींची बायको साळुबाई विहिरीवरच होती. पंचाहत्तरीची बाई, मान एका अंगाला झुकलेली. तालिबभाईंनी आधी आत वाकून पाहिलं. खाली पाणी होतं आणि त्यात आभाळ होतं. डोळे भरून आले.

"वैनी, मी खोटं बोललो व्हतो. पाणी नाय असं कातळानं सांगितलंच नव्हतं. दरड सुटाया लागली व्हती. एक धोंडा खाली खणणाऱ्या तुमच्या गावच्या भागूच्या खांद्याला घासून गेला. मी भ्यालो. माणसं वर घेतली. पर यारीवाला भ्याला म्हणलं तर पुन्हा काम कोण देणार? म्हणून पाणीच नाय म्हणलो. धर्माजींनी इस्वास ठेवला. तुमी तीस वर्षं दुसऱ्याच्या हिरीवरून हंडे वाहिले."

साळुबाईने पदर सारखा केला.

"ठावं हाय मला."

"काय?"

"भागूची बायको सोनीबाई माझ्यासंगंच पाण्याला यायची. त्याच आठवड्यात सांगितलं तिनं. खांदा काळानिळा झाल्ता म्हणं."

"मंग धर्माजींना का नाय सांगितलं? त्यांनी दुसरी यारी आणली असती."

"आणली असती की. आन खाली कोण उतरलं असतं? त्योच भागू. त्याला दुसरं काम कुठं व्हतं?" ती विहिरीत बघत होती. "शिव्या लई दिल्या तुमाला, तालिबभाऊ. ही मान वाकडी झाली ती हंड्यानंच. पर रोज सोनीबाई पाण्याला यायची ती कपाळाला कुंकू लावून. ते बघून मी गप बसायची. आता माणूस नाय, मशीन उतरतं. म्हणून अमृतला म्हणलं, खोद."

तालिबभाईंनी साळुबाईच्या वाकड्या मानेकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. ती म्हणाली, "भागू घरीच हाय, जाऊन भेटा की."