एक जूनची मुलगी

प्रत्येक मूल अंगणवाडीपासून कॉलेजपर्यंत एकाच यादीत सलग दिसलं पाहिजे, असं राज्याचं धोरण आलं आणि शहापूर आणि मुरबाड तालुक्यांची यादी जुळवायला मला वर्गावरून उचलून शहापूरच्या कचेरीत बसवलं. अंगणवाडीचं खातं वेगळं, शाळेचं वेगळं, कॉलेजचं तिसरंच. तिघांची तोंडं तीन दिशांना आणि मधे मी.

यादी अडली ती एक जूनवर. आमच्याकडच्या पाड्यांवर निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली असतात. वय थोडं कमी असलं तरी मूल पहिलीत घेता यावं, पट भरावा, म्हणून गुरुजी ती तारीख टाकून मोकळे होत. मीही शाळेत बाई होते तेव्हा कितीतरी पोरं एक जूनला जन्माला घातली आहेत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अंगणवाडीताई मात्र बाळाचं वजन करते तेव्हाच खरी तारीख लिहून ठेवते. त्यामुळे यादीत एका मुलाची दोन मुलं व्हायची. एक अंगणवाडीनंतर गायब, दुसरं पहिलीत आभाळातून पडलेलं. वरून सूचना आली, सर्वांत जुनी नोंद खरी धरा. मी धरत गेले. डबा खायचा, पुन्हा तेच.

त्यातली एक मुलगी तानसाकडच्या पाड्यावरची. घरी जमीन नाही, दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर. ही आश्रमशाळेत राहून बारावी झालेली, पाड्यावरची पहिलीच. मुरबाडला नर्सिंगसाठी तिने अर्ज केला होता. मी तिची तारीख एक जूनवरून पुढच्या जानेवारीत आणली. प्रवेशाला वर्षअखेर सतरा पूर्ण हवी होती. ती थोड्या दिवसांनी कमी पडली.

बाप तिला घेऊन कचेरीत आला.

"बाई, दाखल्यावर सतरा भरलीत. मंग तुमच्या यादीत कशी नाय भरली?"

"दाखल्यावरची तारीख चुकीची होती."

"ती आमी थोडीच लिवली? गुरुजींनी लिवली."

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, दाखल्यावरची तारीख परत टाकता नाय येनार?"

येत होती. महिनाअखेरपर्यंत तो अधिकार माझ्याकडे होता. मी नियमावर बोट ठेवलं. म्हटलं, "पुढच्या वर्षी ये. एका वर्षानं काय बिघडतंय?"

ती "बरं" म्हणाली. तेव्हा मला वाईट वाटलं का, हे नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. नाही वाटलं. भूक लागली होती, एवढंच आठवतं.

पुढच्या जूनमध्ये तिच्या नावापुढे लाल खूण आली. मूल कुठेच नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी घरी जाऊन कारण भरायचं असतं. आटगाव स्टेशनला उतरले, पुढे जीप केली. सोबत नर्सिंगचा कोरा अर्जही घेतला होता.

आई दारात सरपण रचत होती. मला बघून तिने पाट टाकला.

"तिचा लगीन झाला, बाई. भट्टीवर जमला, आठ दिस झाले लावून. वरीसभर घरात बसून काय करनार व्हती? पोरगा बरा हाय."

"वय किती झालं तिचं?" मी विचारलं.

"तुमीच सांगा. तुमच्याकडं लिवलाय ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच मला विचारत होती. दाखल्यावरच्या तारखेनं मुलीला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली असती. मी लावलेल्या तारखेनं सात महिने कमी होते. मोबाइलवर कारणांची यादी उघडली. 'विवाह' दाबलं असतं, तर बालविवाह म्हणून नोंद थेट पोलिसांकडे गेली असती आणि हीच बाई सरपण टाकून ठाण्यात बसली असती.

तिने कोरा चहा आणून दिला. मी तो संपवला. अर्ज पिशवीतच राहिला. मग 'स्थलांतर' दाबलं. खाली विचारलं होतं, ही माहिती खरी आहे का.

मी 'हो' दाबलं.