दोन मिनिटांत आलेलं उत्तर

निफाडला माझ्या थोरल्या भावाची द्राक्षबाग आहे आणि शहरात, इंदिरानगरातल्या कचेरीत माझी खुर्ची. शेतकरी आम्ही दोघंही, असं मी लग्नकार्यात सांगत असतो.

त्या वर्षी माल काढायला तीन आठवडे होते. बागेचं पाणी तोडलं तर गोडी भरते, चुकून लवकर तोडलं तर मणी सुकतात. दादाला संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं, आणि मी लिहिलेला कॉम्प्युटर प्रोग्राम सांगेल अशी बढाई मीच मारून बसलो होतो. पाणी, ऊन, माती यांवरून तो गोडी काढायचा. मग आपल्याच हिशेबाच्या पायऱ्या उलट्या उतरत कशामुळे गोडी किती बदलते ते सांगायचा.

लॅपटॉपवर याला तीन तास लागायचे. म्हणून तोच कोड लेकीच्या गेमच्या कॉम्प्युटरवर, ग्राफिक्स कार्डावर चालवला. दोन मिनिटांत उत्तर : पाणी तोडा. कचेरीत काम पटकन झालं तरी मी कागद उलटून बघणारा माणूस. पुन्हा चालवला. उत्तर : तोडू नका.

"तू काही हलवलंस?"

"बाबा, मी चहा पितेय."

"मग मांजर?"

"आपल्याकडे मांजर नाहीये."

कार्डाच्या गरम होण्यावर, शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी स्वतःवर घेतला, तो खरा निघाला. प्रोग्राममधल्या सगळ्या वेली पाण्याचा एकच आकडा वाचतात. उलटं येताना प्रत्येक वेल आपला वाटा त्याच एका बेरजेत टाकते. लॅपटॉपवर माझा कोड त्यांना एकेक करून सोडायचा. कार्डावर हजारो एकदम घुसल्या, आणि एकीचा वाटा दुसरीने पुसला. कुणाचा पुसला जाईल, याचा नेम नाही.

आधी वेलींच्या प्रत्येक ओळीची बेरीज, मग ओळींची, असं लिहिलं. तीन मिनिटं लागली. पाच वेळा चालवलं, पाचही वेळा 'तोडू नका'. तरी लॅपटॉपलाही लावलंच. तेवढ्यात दादाचा फोन.

"काय म्हणतंय तुझं मशीन, बारक्या?"

"तोडू नको म्हणतंय. पण थांब, दुसऱ्यालाही विचारतोय."

"पहिल्याचा भरवसा नाय?"

"माझा मलाच नाही, दादा."

"मग असं करतो, बघायला म्हणून दोनच ओळींचं तोडतो. बाकी पाणी चालू."

रात्री जेवताना लॅपटॉपचंही तेच उत्तर आलं, फक्त आकड्याचा शेवटचा दशांश वेगळा. बेरजेचा क्रम बदलला की तेवढं होतं, हे मला माहीत आहे. तरी ताट सरकवून दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले.

पुढच्या रविवारी निफाड गाठलं. दादा त्या दोन ओळींत उभा होता. एक मणी तोडून त्याने माझ्या हातावर ठेवला. सुकून मऊ पडला होता.

"दोन ओळी गेल्या," तो म्हणाला. "बाग हाय."